फुलोऱ्याचा पोतदार

सरकारी दप्तरात वनस्पतींना जागा मिळते ती बहुधा महसुलाच्या निमित्ताने. नीळ, अफू, तंबाखू, साग, चंदन यांपैकी प्रत्येकाने आपापल्या काळी कारकुनांच्या कित्येक पिढ्यांचे हात शाईने काळे केले आहेत. अशा वनस्पतींविषयी दप्तर जे प्रश्न विचारते तेही ठरलेले असतात: लागवडीखाली जमीन किती, उतारा किती, सारा किती आणि चोरी किती. परंतु एका वनस्पतीच्या बाबतीत या ठरीव प्रश्नांनी भागेना. तिला फुलोरा आला आहे काय, आणि आला असल्यास त्यात बी धरले आहे काय, हेही सरकारला विचारावे लागले. ती वनस्पती म्हणजे भांगेचे झाड. १९८५ साली झालेल्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातही गांजाची व्याख्या फुलोऱ्यापाशीच येऊन ठेपते. शेंड्यापासून सुटी असलेली पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. फुललेला वा फळलेला शेंडा मात्र तिच्या आत आहे.

एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्याने एकाच झाडाच्या अंगावर पान आणि फूल यांच्यामध्ये अशी रेघ का ओढावी, याचा माग काढू लागले म्हणजे आपण बंगालच्या एका कोपऱ्यातील उंचवट्याच्या शेतांत जाऊन पोहोचतो, आणि तेथून एका अहवालाच्या सात जाड खंडांत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य परप्रांतात अहवाल वाचण्यात आणि लिहिण्यात गेले आहे. म्हणून ही हकीकत त्यांच्यापुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. गांजाची भलावण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. चिलमीने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. आमचे लक्ष आहे ते, एका झाडाची पारख कोणी केली आणि नोंद कोणी केली, या प्रश्नाकडे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. एकाच झाडाची ती तीन रूपे आहेत. वाटून घोट्यात घालतात ती भांग म्हणजे मुख्यतः पाने. चिलमीत भरतात तो गांजा म्हणजे मादी झाडाचा वाळविलेला चिकट फुलोरा. आणि चरस म्हणजे त्या झाडाची राळ. पपईप्रमाणे या झाडातही नर आणि मादी सामान्यतः वेगवेगळी असतात. परसात पपई लावणाऱ्या गृहस्थाला मादी झाड हवे असते, कारण त्याला फळ हवे असते. गांजा पिकविणाऱ्यालाही मादीच हवी असते, परंतु कारण अगदी उलटे. त्याला फळ नको असते. नराचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो, मादीच्या फुलोऱ्यावर पडतो आणि तिला बी धरते; मग झाडाचा सारा जोम बियांत जातो. पराग पोहोचलाच नाही, तर मादी झाड आठवड्यामागून आठवडे नवी फुले काढीत राहते, शेंडे दाट होत जातात आणि त्यांच्यावर राळ साचत जाते. तेव्हा गांजा पिकविणे म्हणजे झाडाला बी धरू न देणे. परसदारी आपोआप उगवलेल्या, नरमादी एकत्र वाढलेल्या झाडांपासून भांग मिळेल, बी मिळेल, वाखही मिळेल. चांगला गांजा मिळणार नाही. पुढच्या सर्व हकीकतीची किल्ली या एका गोष्टीत आहे.

झाड आपल्याकडे फार जुने. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात पापापासून सोडविणाऱ्या वनस्पतींत भंगेचे नाव आहे. पाणिनीने तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांना काय म्हणावे हे सांगताना त्याच सूत्रात भंगेच्या शेतालाही जागा दिली आणि ‘भाङ्ग्य’ व ‘भाङ्गीन’ हे दोन शब्द सिद्ध केले. व्याकरणकाराने ज्याच्या शेतासाठी दोन दोन शब्द राखून ठेवावे, ते पीक त्याच्या काळी सर्वांच्या ओळखीचे असले पाहिजे. अर्थात ते शेत नशेसाठीच होते असे मानण्याचे कारण नाही. हिमालयाच्या उतारावर या झाडाच्या वाखाची जाडीभरडी वस्त्रे आणि दोर पिढ्यान्‌पिढ्या होत आले, आणि कुमाऊँमध्ये त्याच्या बियांची चटणी आजही होते.

आपल्या बाजूचा जुना दाखला गोव्यात मिळतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्यकी केलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात भांगेला एक स्वतंत्र प्रकरण दिले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने एका पोर्तुगीज सरदारापाशी सांगितलेली गोष्ट त्यात आली आहे: रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान हिंडून यावेसे वाटले, म्हणजे आपण थोडी भांग घेतो! ऑर्ता हा चौकस मनुष्य होता. पान कोणते, बी कोणते, कशात काय मिसळतात हे त्याने विचारून घेतले. सरकारी दप्तराला अशी चौकशी करण्याची बुद्धी होण्यास आणखी तीन शतके जावी लागली.

कंपनी सरकारने १७९३ च्या चौतिसाव्या रेग्युलेशनाने मादक पदार्थांवरील कराची घडी बसविली, तेव्हा त्याला झाडाशी कर्तव्य नव्हते, दुकानाशी होते. दुकानावर कर बसला आणि झाड मोकळे राहिले. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओशॉनेसी यांनी गांजाच्या औषधी उपयोगावर आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि युरोपातील डॉक्टरांचे लक्ष तिकडे वेधले. पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारे ते हेच. एव्हाना कलकत्त्याच्या बाजारात येणारा उत्तम माल कोठून येतो हे सर्वांना ठाऊक झाले होते. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जेथे एकमेकांना भिडत, तेथे नौगाव या गावाभोवती काही मैलांच्या परिघात एक मुलूख होता. त्याला ‘गांजा महाल’ असेच म्हणत.

या महालातील पिकाचे पहिले तपशीलवार वर्णन एका बंगाली डेप्युटी कलेक्टराने केले. हेमचंद्र कर हे त्यांचे नाव. बंगालमधील गांजाची लागवड आणि व्यापार यांवरील त्यांचा अहवाल १८७७ सालचा आहे. नंतर १८९३ साली शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी त्याच विषयावर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने अहवाल लिहिला. हे गृहस्थ पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. या लिखाणांतून शेताचे जे चित्र उभे राहते ते असे.

गांजासाठी पाणी न साचणारी उंच जमीन निवडीत. ती पुनःपुन्हा नांगरून भुसभुशीत करीत. ऑगस्टच्या सुमारास वेगळ्या वाफ्यात बी टाकीत, आणि वीतभर रोपे झाली म्हणजे सप्टेंबरात सऱ्यांच्या वरंब्यांवर त्यांची लावणी करीत. शेणखत आणि पेंड घालीत, मुळांना मातीची भर देत, खालच्या फांद्या छाटून टाकीत. इतके सगळे कोणत्याही मेहनती शेतकऱ्याला जमणारे आहे. नोव्हेंबर उजाडला म्हणजे मात्र शेतकरी स्वतःच्या शेताच्या बांधावर थांबे आणि दुसऱ्या एका माणसाला पुढे घाली. हा माणूस म्हणजे पोद्दार.

बंगालीत पोद्दार म्हणजे नाणी पारखणारा; आपल्याकडील पोतदाराचा हा भाऊबंद. सरकारी खजिन्यात भरल्या जाणाऱ्या रुपयांतून खोटा रुपया आवाजावरून आणि स्पर्शावरून वेगळा काढणे हे पेशवाईतील पोतदाराचे काम होते. नौगावचा पोद्दार झाडे पारखी. त्याला ‘परखदार’ असेही म्हणत, आणि साहेबलोक त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. फुले उमलण्याच्या आधीच, देठाच्या बगलेतील कळीच्या ठेवणीवरून, झाडाच्या एकंदर अंगलोटावरून, नर कोणता आणि मादी कोणती हे तो ओळखी. एकेका ओळीतून तो चालत जाई. तो दाखवील ते झाड मागून उपटले जाई. काही दिवसांनी तो पुन्हा येई, कारण काही झाडे उशिरा आपले रूप प्रकट करतात, आणि मादी झाडावरही क्वचित नराची फुले निघतात.

त्याची नजर चुकली तर काय होई? एक नर राहून गेला, तर आसपासच्या झाडांत बी धरे आणि मालाचा दर उतरे. वारा बांध मानीत नाही. त्यामुळे एका शेतातील चूक शेजारच्या चार शेतांना भोवे. म्हणून हे पीक एकट्यादुकट्याचे नव्हते. सगळ्या शिवारातून नर गेले तरच प्रत्येकाचा गांजा साधत असे. पोद्दाराचा निर्णय कोठेही लिहिला जात नसे, त्यावर कोणाची सही होत नसे. परंतु तो बरोबर होता की नाही हे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोरा चुरगळून पाहिला की कोणालाही कळे. चुकीचा जाब त्याला त्याच हंगामात द्यावा लागे.

पीक तयार झाले की ते कापून ‘चातर’ नावाच्या खळ्यावर नेत. तेथे चपटा गांजा करावयाचा असेल तर फुलोऱ्याच्या फांद्या वर्तुळाकार मांडून पायांनी तुडवीत. गोल गांजा करावयाचा असेल तर शेंडे वळून गोल करीत. गळून पडलेल्या फुलोऱ्याचा जो भुगा उरे तो ‘चूर’. चपट्यात काड्यांचा भाग अधिक, गोलात कमी, चुरात जवळजवळ नाही. सरकारने हा भेद नीट ध्यानात घेतला होता. जकातीचा दर चपट्याला कमी, गोलाला अधिक आणि चुराला सर्वांत अधिक असा चढता होता. काडीवर कर नाही, फुलावर कर, हे तत्त्व असे शेरामागे आकारल्या जाणाऱ्या जकातीतून प्रथम रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौगावला परवान्याची पद्धत पक्की झाली. शेतकऱ्याने परवाना घ्यावा, शेताची मोजणी व्हावी, उभ्या पिकावर देखरेख असावी, तयार माल सरकारी देखरेखीच्या गोल्यात जमा करावा आणि तेथून ठोक व्यापाऱ्याने जकातीची व्यवस्था करून पासावर न्यावा, असा तो क्रम होता. आमच्या मते या पद्धतीचे यश केवळ कागदावरील नियमांचे नव्हते. लागवड एका लहान मुलखात गोळा झालेली होती, आणि ती तशी होण्यात शेतकऱ्याचाही स्वार्थ होता. नरांपासून सुरक्षित असे शिवार त्यालाच हवे होते. सरकारचा पहारा आणि पोद्दाराचा पहारा येथे एकाच बांधावर उभे राहिले.

आता दप्तराकडे वळू. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मद्यपाननिषेधाचे एक खंदे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला. बंगालमधील गांजाची लागवड, त्याचा व्यापार आणि लोकांच्या नीतीवर होणारा परिणाम यांची चौकशी व्हावी अशी मागणी पुढे आली. हिंदुस्थान सरकारने ती साऱ्या देशापुरती वाढविली आणि जुलैमध्ये सात जणांचे मंडळ नेमले. पंजाबचे फायनान्शियल कमिशनर मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी. मध्य प्रांतातून अँड्र्यू फ्रेझर, जे पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. कलकत्त्याचे रसायनाचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन, आणि तीन हिंदी सभासद: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपुरथळ्याचे कुंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. यांतील ताहिरपूर हे राजशाही जिल्ह्यातच येते. म्हणजे राजेसाहेब गांजा महालाचे शेजारीच होत.

मंडळाने सत्तर प्रश्नांची एक यादी काढली, सर्व प्रांतांत दौरा केला, ११९३ साक्षीदारांचे म्हणणे घेतले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याहून अहवाल सादर केला. एका वर्षात हे काम उरकले, हे वाचून आजच्या कोणत्याही चौकशी मंडळाने खाली पाहावे! साक्षीदारांत कलेक्टर, सिव्हिल सर्जन, जमीनदार, वकील, मिशनरी, दुकानदार असे नाना प्रकारचे लोक होते. हिंदुस्थानातील सनदी नोकरांची विद्वत्ताही या निमित्ताने पणाला लागली. भाषापंडित ग्रियर्सन हे तेव्हा हावड्याला कलेक्टर होते. त्यांनी संस्कृत आणि हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांवर टिपण दिले. ज्यांनी संपादिलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर आपल्यापैकी पुष्कळांनी चाळले असेल, त्या जेम्स कॅम्पबेल यांनी मुंबईच्या जकात कचेरीतून भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक टिपण पाठविले. शंकराची विजया, होळीचा घोटा, बैराग्याची चिलीम हे सर्व त्यांनी इतक्या आपुलकीने मांडले की, हे जकात खात्याच्या साहेबाचे लिखाण आहे हे क्षणभर विसरावयास होते.

मुंबई इलाख्यातही गांजा होता. नगर आणि सातारा हे त्याचे मुख्य जिल्हे. मध्य प्रांतात नेमाडातील खांडवा हे केंद्र होते. साधू, बैरागी, पहिलवान, हमाल, रानात राखणीला बसणारे, थंडीतापात काम करणारे अशा लोकांत तो ओढला जात असे. दख्खनच्या ज्या खेड्यांत तुकारामबीज साजरी होई, त्याच खेड्यांच्या वेशीबाहेरच्या मठीत चिलीमही धुमसत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अहवालातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजाने माणूस वेडा होतो, हा समज सार्वत्रिक होता आणि त्याला आकड्यांचा आधार होता. इस्पितळांच्या वार्षिक पत्रकांत दरवर्षी कित्येक रोग्यांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजाची नोंद असे. मंडळाने नुसते आकडे घेतले नाहीत. १८९२ साली दाखल झालेल्या रोग्यांपैकी ज्यांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस असे नोंदले होते, त्या एकेकाची त्याच्या गावी, त्याच्या नातेवाइकांपाशी फेरचौकशी करविली. तेव्हा काय दिसून आले? रोग्याबरोबर पोलिसांकडून एक कागद येई. त्या कागदात ‘कारण’ असा एक रकाना असे. रस्त्यात भटकताना सापडलेल्या अनोळखी माणसाचे कारण कोण सांगणार? तो गांजा ओढतो असे कोणी म्हटले, किंवा ओढीत असावा असे वाटले, की रकाना भरला जाई. इस्पितळात तो रकाना जसाच्या तसा उतरून घेतला जाई, आणि वर्षअखेर त्याचीच बेरीज होऊन ती शास्त्रीय आकडेवारी म्हणून सिमल्याला जाई. फेरचौकशीत निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत.

पोद्दार आणि हा रकाना भरणारा शिपाई यांना आम्ही मनाने शेजारी शेजारी उभे करून पाहतो. दोघांचेही काम निवाड्याचे आहे: हे काय आहे, ते सांगावयाचे. एकाला अक्षर येत नव्हते, परंतु त्याचा निवाडा चुकला तर चार महिन्यांत शेत त्याच्याविरुद्ध साक्ष देई. दुसऱ्याला अक्षर येत होते. त्याचा निवाडा चुकला तरी त्याच्याविरुद्ध साक्ष देणारे कोणी नव्हते, कारण ज्याच्याविषयी तो होता तो वेड्यांच्या इस्पितळात होता. मंडळाच्या सात जणांचे खरे श्रेय आम्ही त्यांच्या निष्कर्षांना देत नाही. त्यांनी त्या रकान्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारले आणि माणूस पाठवून पाहून घेतले, याला देतो.

निष्कर्ष थोडक्यात असे: बेताने सेवन करणाऱ्यांवर या पदार्थांचा म्हणण्यासारखा वाईट परिणाम होत नाही, अतिसेवन घातक आहे, पण ते अपवादात्मक आहे, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, नियंत्रण आणि कर हाच मार्ग. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी मात्र भिन्नमताची टिपणे जोडली. ही गोष्ट विसरता कामा नये. या अहवालाचे आधुनिक स्तुतिपाठक त्याला विवेकाचा दीपस्तंभ म्हणून मिरवितात. परंतु त्या सातांतील तीन हिंदी सभासदांपैकी दोघे सहमत झाले नाहीत, आणि त्यांपैकी एक गांजा महालाच्या शेजारचाच होता. शिवाय ज्या सरकारने हे मंडळ नेमले त्याच्या तिजोरीत गांजाची जकात पडत होती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. नियंत्रणाची शिफारस विवेकाची होती, आणि ती फायद्याचीही होती.

या नियंत्रणाचा भार पडला तो घरच्या झाडावर. मंडळापुढे तीन प्रकारची झाडे होती: आपोआप उगवणारी, घराच्या आवारात लावलेली आणि शेतात पिकविलेली. हिमालयाच्या पायथ्याशी तणासारख्या माजणाऱ्या झाडांचे निर्मूलन अशक्य आहे हे त्यांनी ओळखले. परंतु गांजासाठी लागवड करावयाची ती परवान्यानेच आणि ठरावीक मुलखातच, हा बंगालचा कित्ता इतर प्रांतांनी गिरवावा असे त्यांनी सुचविले. पुढील काळात तसेच होत गेले. परिणामी खेड्यातील ज्या गोसाव्याच्या मठीमागे दोन झाडे असत, त्याने ती उपटावी आणि मग तोच माल सरकारी शिक्क्याच्या दुकानातून जकातीसह विकत घ्यावा, अशी स्थिती झाली. त्याच्या झाडांना पोद्दाराचा हात लागलेला नव्हता. त्यांतून निघणारा गांजा बियाळ आणि हलका. सौम्य वस्तू गुन्हा ठरली आणि कडक वस्तू कायदेशीर राहिली. मंडळाच्या एवढ्या साक्षेपी अहवालातून हा उलटा न्याय निघावा, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

नौगावची पुढची कथा विस्ताराने सांगण्याचे हे स्थळ नव्हे. १९१७ साली तेथील गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि ती इतकी संपन्न झाली की तिच्या पैशातून शाळा, दवाखाने, मशिदी आणि देवळे उभी राहिली. १९४७ साली हा मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला, १९७१ साली बांगलादेशात आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाच्या बिगरवैद्यकीय वापराला पंचवीस वर्षांची मुदत घालून दिली होती; १९८० नंतरच्या दशकात नौगावची लागवड थांबली आणि पोद्दाराचा धंदा त्याच्याबरोबर संपला. १९८५ चा आपला कायदाही त्याच मुदतीच्या सावलीत झाला. पान आणि बी वगळण्याची त्या करारातील सवलत आपल्या होळी-महाशिवरात्रीच्या भांगेला उपयोगी पडली.

पोद्दाराला जे डोळ्यांनी कळत होते ते शास्त्राला नंतर कळले. हे झाड फुलोऱ्यावर केव्हा येते, याचे रहस्य रात्रीच्या लांबीत आहे. फ्रान्समध्ये झ्युलियँ तुर्न्वा या तरुण संशोधकाने १९१२ ते १९१४ या काळात याच जातीच्या रोपांवर प्रयोग करून, दिवस लहान केला तर ती अकाली फुलतात हे दाखविले. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तो नियम तंबाखू आणि सोयाबीन यांवर पक्का केला. राळेतील मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले ते इस्राएलमध्ये मेखुलाम आणि गाओनी यांनी, १९६४ साली. आज परदेशांत लोक खोलीत दिव्यांचा बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र करून वर्षातून हवे तेव्हा झाडाला फुलोऱ्यावर आणतात, आणि मादी झाडाचीच कलमे लावून नराचा प्रश्नच उरू देत नाहीत. उरुग्वेने २०१३ साली घरी सहा झाडांना, कॅनडाने २०१८ साली घरटी चार झाडांना, जर्मनीने २०२४ साली प्रौढ माणसास तीन झाडांना मुभा दिली. नौगावचा शरद ऋतू आता बंद खोलीत येतो.

आपल्या देशात हा मार्ग नाही. भांगेचे झाड विनापरवाना लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे किती, याने त्या गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही. उत्तराखंडाने २०१८ पासून मादक द्रव्य नाममात्र असलेल्या वाणांना, वाखासाठी आणि बियांसाठी, परवाने देण्यास प्रारंभ केला, तेवढाच अपवाद आपल्या माहितीचा. बेकायदा लागवड आढळल्यास कळविण्याचे कर्तव्य कायद्याने प्रत्येक सरकारी अधिकाऱ्यावर, सरपंचावर आणि ग्रामाधिकाऱ्यावर टाकले आहे. म्हणजे आमच्या वाचकांपैकी अनेकांवर ते आहे.

अशा प्रसंगी कुमाऊँच्या एखाद्या गावी, किंवा बिहारच्या एखाद्या घराच्या मागील अंगणात, आपल्यापैकी कोणी पंचांसह उभा असेल. समोर पुरुषभर उंचीची चार झाडे असतील. ती कोणी लावली की पावसाळ्यात आपोआप उगवली? ओळीने आहेत की विखुरलेली? भोवती मातीची भर आहे काय? नर काढलेले आहेत की सगळी एकत्र माजली आहेत? एवढ्या उत्तरांवर एका माणसाची दहा वर्षे अवलंबून असतील. पंचनाम्याच्या कागदावर ‘लागवड’ हा शब्द लिहावयास क्षणही लागत नाही, आणि तो एकदा लिहिला गेला की पुढची प्रत्येक कचेरी तो उतरून घेत जाईल.

लिहिण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने वाकून एकेक झाड पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे. नौगावच्या शेतात नोव्हेंबरच्या सकाळी एक निरक्षर माणूस तेच करीत असे.